गाडी कुठनं सुटली

जोतीअण्णांच्या हाती माइक आला की ते आधी त्यावर फुंकर मारायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "वाचकांनी लक्ष द्यावं! उंब्रजहून सुटलेली नवी कादंबरी आपल्या हॉलात लागलेली हाय. जागा धरून घ्या!" हॉलमध्ये हशा पिकायचा. आमच्या सातारा-सांगलीकडच्या प्रकाशन समारंभांत पाहुणे एकमेकांची स्तुती करतात आणि श्रोते चहाची वाट बघतात. अण्णा उभे राहिले की मात्र मागच्या रांगेत जांभया देणारेही सावरून बसायचे.

अण्णांची सगळी नोकरी कऱ्हाडच्या स्टँडवर गेली. नियंत्रकाच्या खोलीत, काचेमागे बसून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. स्वतः कथा लिहायचे, दिवाळी अंकांत त्या छापूनही यायच्या. पण लोक त्यांना ओळखायचे ते दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांमुळे. आमच्या भागात कुणीही कादंबरी लिहिली की तिची पहिली ओळख अण्णांनी करून द्यायची, असा जणू नियमच होता. निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी मोबाइलवरच्या वाचकांच्या ग्रुपवर एखाद्या नव्या पुस्तकाबद्दल बोलून पाठवायचे. मागे कुकरची शिट्टी, वहिनींचं "आवं, च्या निवतोय" हेही त्यात यायचं आणि ते कधी कापत नसत.

त्यांची एक पद्धत होती. कादंबरी वाचून झाली की ते लेखकाच्या गावी जायचे. त्यातला पार, पिठाची गिरण, वळणावरचं हॉटेल बघून यायचे आणि ज्याच्यावरून पात्र घेतलंय तो माणूस हुडकून काढायचे. कार्यक्रमात त्याला पहिल्या रांगेत बसवायचे आणि सगळ्यांसमोर उभं करायचे. "बाई, नुसती पाटी वाचून कोण गाडीत चढतं व्हय?" ते मला म्हणायचे. मी कडेगावला शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'. "माणूस शेजारच्याला इचारतं, कुठनं आली ही? कुठनं सुटली ते सांगितल्याबिगर कुणी पाय टाकत न्हाई."

खरं तर लोकांनाही तेच हवं असतं. आमच्याकडं कादंबरीला "खरं हाय" यापेक्षा मोठी दाद नाही. एका कादंबरीतल्या बँडवाल्याला अण्णांनी त्याच्या क्लॅरिनेटसकट आणलं होतं, तेव्हा लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसऱ्या एका पोरानं आपल्या गावच्या माजी सरपंचावरून खलनायक रंगवला होता. अण्णांनी सरपंचांनाही आणून बसवलं. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं. शाल पांघरून ते म्हणाले, "आमच्या गावच्या पोरानं आमचं लय नाव काढलं." लेखक बिचारा खुर्चीत घामाघूम. हे आठवून आम्ही पुढं कैक दिवस हसलो. त्या हसण्यात मीही होते.

अण्णा नसते तर माझ्या पहिल्या कादंबरीचे गठ्ठे माझ्याच माळ्यावर पडून राहिले असते. त्यांनी ती गावोगाव नेली, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, बचत गटांच्या मेळाव्यांत तिच्यावर बोलले. मला त्यांनी लेखिका केलं, असं मी उघड सांगत असे. म्हणूनच पुढचं मला अजून गिळता येत नाही.

तिसरी कादंबरी माझ्या अक्काची होती. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, लोणंदला दिलेली. तिला दुसरी मुलगी झाली तेव्हा तिच्या धाकट्या जावेला मूल नव्हतं आणि होणारही नव्हतं. जाऊ नवऱ्याच्या लष्करातल्या नोकरीमुळे लांब परमुलखात राहत होती. अक्काचं बाळंतपण माहेरी झालं. मूल राहिलं नाही, एवढंच लोणंदला शेजारपाजारी सांगितलं. ती तान्ही पोर अक्कानं जावेच्या ओटीत घातली. पुढं जाऊ लोणंदला आली ती कडेवर मूल घेऊनच, आणि नमू तिचीच म्हणून वाढली. अक्काला ती 'मोठी आई' म्हणायची, पुतणीनं थोरल्या चुलतीला म्हणावं तसं. घरातल्या मोठ्या माणसांपलीकडं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

अक्कानं आपणहून मला सांगितलं होतं, "लिही तू. मला कुणापाशी बोलता येत न्हाई, तुझ्या पुस्तकात तरी बोलून हुईल. पण गाव बदल, आन् नमूला कळता कामा न्हाई." मी गाव कृष्णाकाठी नेलं. मुलीचा मुलगा केला. जावेची नणंद केली.

छापायला जाण्याआधी अण्णांनी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून वाचली. एका पानाशी थांबले. मूल देताना ती बाई रडत नाही. मागाहून दोरीवरची वाळलेली दुपटी काढताना रडते, ते पान. "हे मनानं सुचत न्हाई, बाई. हे कुणाचं तरी हाय. कुठनं सुटली ही गाडी?" मी सांगितलं. या जगात सांगण्यासारखा दुसरा माणूस मला नव्हताच. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "माझ्या पोटात ऱ्हाईल," म्हणाले. आणि मला बरं वाटावं म्हणून की काय, त्यांनीही आपलं एक सांगितलं, वहिनींनाही कधी न सांगितलेलं. आम्ही एकमेकांचं काहीतरी जपायला घेतलं, अशा समजुतीत मी राहिले.

प्रकाशन साताऱ्याला होतं. नमू तेव्हा फार्मसी करत होती. मावशीचं पुस्तक म्हणून हट्टानं आली आणि आई न् मोठी आई, दोघींनाही घेऊन आली. तिघी तिसऱ्या रांगेत बसल्या, नमू मधे. अण्णा उभे राहिले आणि असे काही बोलले की मला भरून आलं. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "आता ही गाडी कुठनं सुटली?" मी व्यासपीठावरून मान हलवली, नको म्हणून. त्यांनी ते बघितलं. बघितलं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

"ही गाडी लोणंदहून सुटली," अण्णा म्हणाले. "पुस्तकात पोरगा हाय, खरी ती पोरगी. पुस्तकात नणंद हाय, खरी ती जाऊ. पोटचा गोळा जावेच्या ओटीत घालणारी ती माउली आज हितंच बसलीया. नाव मी घेणार न्हाई, तसा शब्द दिलाय मी बाईंना." आणि तिसऱ्या रांगेकडं तोंड करून त्यांनी हात जोडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्या माना तिकडं वळल्या. एक म्हातारी उठून अक्काच्या पाया पडायला निघाली. नमूही टाळ्या वाजवत होती. मग तिनं एका बाजूला बघितलं, दुसऱ्या बाजूला बघितलं, आणि तिचे हात थांबले.

चहाच्या वेळी तिनं मला जिन्यापाशी गाठलं. "मावशी, ते मोठ्या आईचं आहे का?" मी तिचा हात हातात घेतला. तेच उत्तर झालं.

त्यानंतर नमू पुण्याला गेली ती गेलीच. दोन्ही आयांशी बोलत नाही. जाऊ म्हणते, थोरलीनंच हे मुद्दाम घडवून आणलं, पोर परत पाहिजे म्हणून. एकाच अंगणातल्या दोन घरांच्या मधे आता पत्रा ठोकलाय. अक्का माझा फोन उचलत नाही. एकदाच उचलला होता. "तुला एकटीला सांगितलं व्हतं," एवढं बोलून ठेवला.

मी अण्णांच्या घरी भांडायला गेले. ते खुशीत होते. "या बाई! लय पुस्तकं गेली त्या दिवशी." काय झालंय ते मी सांगितलं. ते गोंधळले. "पण मी नाव कुठं घेतलं?"

"अण्णा, तुम्ही हात जोडलेत तिच्याकडं बघून."

"मग? मान केला मी तुमच्या अक्काचा. अशी माउली लपवून ठिवायची असती व्हय? आवं, लोकांच्या डोळ्यांत पाणी हुतं!"

मला वाटलं होतं शरमतील, निदान खाली बघतील. त्यांना काही झालंच नव्हतं, आणि ते मला फार लागलं. वैऱ्यानं केलं असतं तर मी सोसलं असतं. वैऱ्याला आपण घरातलं काही सांगत नाही. या माणसाला मी माझ्याकडचं सगळ्यात जपलेलं दिलं आणि त्यानं ते टाळ्यांसाठी वाटून टाकलं. "तुम्ही दगा दिलात मला," मी म्हणाले. वहिनी चहाचे कप घेऊन मधल्या दारात उभ्या होत्या. तो चहा न घेताच मी निघाले.

ग्रुपवर त्यांचा आवाज मी ऐकायचा सोडला. शाळेत दुसऱ्या कुणाच्या फोनवर "वाचकांनी लक्ष द्यावं" कानी आलं की उठून वर्गात जायची.

गेल्या वर्षी वहिनींचा फोन आला. "बाई, ह्यांची कादंबरी आलीया. जन्मभर दुसऱ्यांच्या पुकारल्या, आता सोताची हाय. म्हणत्यात, ओळख बाईच करतील, न्हाईतर कुणीच नको." मागोमाग पुस्तकही आलं. मी वाचलं. रागात वाचूनही चांगलंच म्हणावं लागेल. स्टँडवर गाड्या पुकारणारा एक बाप आणि घर सोडून निघून गेलेला त्याचा मुलगा. अण्णांचा मुलगा तसाच गेला, हे सगळं कऱ्हाड जाणून होतं. वहिनी अजूनही दर दिवाळीला त्याच्यासाठी शर्ट घेतात आणि आता माप काय झालं असेल म्हणून दुकानात अडतात.

त्या कादंबरीत एक पान आहे. मुलगा पिशवी घेऊन गाडीत चढतो, बाप काचेतून त्याला बघतो, आणि हाक मारायच्या ऐवजी माइकवर गाडी सुटल्याचं पुकारतो. ते पान खरं की रचलेलं, हे दोघांनाच ठाऊक होतं. लिहिणाऱ्याला आणि त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात ते ऐकलेल्या मला.

घरून निघाले ती उट्टं काढायचं, वहिनींसमोर ते पान उघड करायचं ठरवूनच. कऱ्हाडच्या हॉलमध्ये वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नव्या लुगड्याची घडी मोडून. अण्णा वाळून गेले होते. मी बोलायला उठणार तोच त्यांनी माझा हात धरला. "बाई, कुठनं सुटली ते सांगून टाका. तिला तोंडानं सांगाया मला हुईना." म्हणजे यासाठी बोलावलं होतं मला. स्वतःच्या बायकोला सांगायचंही त्यांना माइकवरूनच सुचलं होतं, तेही माझ्या तोंडून.

मी त्या पुस्तकाबद्दल मनापासून बोलले. भाषा किती खरी, पहाटेचा स्टँड कसा उभा केलाय, सगळं. शेवटी म्हणाले, "ही गाडी कुठूनही सुटलेली नाही. हे सगळं अण्णांनी मनानं रचलेलं आहे." टाळ्या बेताच्याच पडल्या. लोक एकमेकांकडं बघू लागले.

खाली उतरल्यावर अण्णा म्हणाले, "बाई, माझी गाडी तुमी डेपोतच ठिवली." डोळ्यांत पाणी होतं.

"तुमचं मी पोटात ठेवलंय, अण्णा," मी म्हणाले. "तसं ठेवता येतं."

तेव्हा, पहिल्यांदाच, त्यांनी खाली बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

या हिवाळ्यात अण्णा गेले. मी भेटायला गेले तेव्हा बाहेर माणसं बसली होती. वहिनींनी मला आत स्वयंपाकघरात नेलं. फळीवरून पुस्तक काढून ते पान उघडलं. "बाई, हे काचेतनं बघितल्याचं. हे खरं हाय का? तुमाला सांगितलं आसंल त्यांनी." नमूनं विचारलं होतं तसंच, त्याच नजरेनं.

"कादंबरी आहे, वहिनी," मी म्हणाले. "मनानं रचलेलं असतं ते." त्यांनी ते पान मिटलं. मग पुस्तक डब्यांच्या मागं ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं. या वेळी मी चहा घेऊन निघाले.

हे खरं का, म्हणून तुम्ही विचारलंत तरी माझं उत्तर तेच राहील. 'मनानं रचलेलं असतं ते' हे वाक्य मी नमूसाठी तयार ठेवलं होतं. गाव बदललं, मुलीचा मुलगा केला, तो सगळा खटाटोप या एका वाक्यासाठी होता. अण्णांनी ते तिच्यापुरतं माझ्याकडून काढून घेतलं, आणि शेवटी वापरावं लागलं ते त्यांच्याचसाठी.