जावेचे तीन आकडे

धाकट्या जावेला कंट्रोलरला केबल लावायला मीच शिकवलं, हे आधीच सांगून टाकते. आता ते कुणाच्या ध्यानात नाही. मिरजगावच्या अलीकडे हायवेला आमची डेअरी. आम्ही दोघी कंत्राटावर आणि कंट्रोल पॅनलवर कायमची जागा एकच. ती मला हवी होती.

पाश्चरायझरच्या कंट्रोलरची बटणं कधीच मेलीत. म्हणून लॅपटॉप जोडून, सिरीयल कमांड टाइप करून आकडे पाठवायचे. सेटपॉइंट, म्हणजे दूध किती तापवायचं ते, ठरलेलंच असतं. खरी मेख पुढच्या तीन आकड्यांत: वाफ किती जोरात सोडायची, किती धीर धरायचा आणि हात कधी आखडायचा. माझ्या आकड्यांवर दूध तापायचं, पण स्क्रीनवरची रेघ सेटपॉइंटच्या खालीवर डुलायची. चालतंय की, म्हणायचे सगळे.

त्या दिवशी सकाळी आमच्या धाकट्या बाईसाहेबांनी तिन्ही आकडे बदलले आणि रेघ सरळ! साहेब खूश. म्हणाले, "संध्याकाळी बघतो, मग जागेचं सांगतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी भाकरी तिची गोल, इथं रेघ तिची सरळ. मी जायचं तरी कुठं?

आमच्याकडे रीत अशी, की नवे आकडे पाळीभर चालवून बघायचे, मगच सेव्हची कमांड द्यायची. दुपारी ती लेकीला शाळेतून आणायला गेली आणि नेमकी लाइट गेली. जनरेटर लागला, पण कंट्रोलर उठला तो माझेच आकडे घेऊन. सेव्ह तेच होते ना.

"वहिनी, रेघ लई नाचतीय!" बॉयलरवरचे काका ओरडले. "दूध कच्चंच टाकीत माघारी फिरतंय, टँकर ताटकळलाय!"

खरं सांगू? मला आनंद झाला. गप्प बसले असते तर साहेबांना संध्याकाळी हीच रेघ दिसली असती. पण टाकीत गावोगावच्या बायकांनी पहाटे उठून काढलेलं दूध होतं. जावेला फोन लावला, लागेना. मेली कधी उपयोगी पडायची नाही! केबल खोचली आणि बोटं आपसूक चालली. तिन्ही आकडे तिचे. रेघ सरळ झाली. मग दात-ओठ खात सेव्हची कमांडही दिली. माझे आकडे कायमचे पुसले गेले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "कुणाचं सेटिंग?"

"तिचं," मी म्हणाले. जागा तिला मिळाली.

घरी निघालो तर स्कूटीवर मागून म्हणते, "ताई, आकडे मी कुनालाच सांगितले न्हवते. तुमाला कसे म्हाईत?"

"सकाळी तुझ्या पाठीमागं उभी राहून जळत होते ना," म्हटलं, "तेव्हाच पाठ झाले."