कुलपातला मायक्रोस्कोप

पुण्यातल्या कॉलेजातलं पहिलंच प्रॅक्टिकल. प्रत्येकासमोर एकेक मायक्रोस्कोप. मी त्याला वाकून नमस्कार केला, मग डोळा लावला.

"अगरबत्ती विसरलात वाटतं," मॅडम म्हणाल्या. "नारळ शिपायाकडून मागवू का?"

वर्ग खदाखदा हसला. मला मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना.

पूर्व विदर्भातल्या आमच्या शाळेत एकच मायक्रोस्कोप होता. वर्षभर काचेच्या कपाटात, कुलपात. दसऱ्याला सर तो बाहेर काढायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडू वाहायचे. आम्ही रांगेनं पाया पडायचो. आमच्या वस्तीतली पोरं सगळ्यात शेवटी, आणि तीही लांबून. सर ओरडायचे, "हात नोका लावू. फुटलं तं जबाब कोन देईन?" त्यातून काय दिसतं ते आम्ही कधी पाहिलंच नाही. कांद्याचा पापुद्रा फळ्यावरून उतरवला आणि पाठ केला.

त्या दिवशी हॉस्टेलवर येऊन खूप रडले. नमस्काराची सवय मोडली. गावाचं नाव सांगायचीही मोडली.

आता मी पुण्यातच एका संस्थेत आहे. शाळांची तुलना करायची, कुणाला मदत द्यायची ते ठरवायचं, हे आमचं काम. गेल्या महिन्यात बैठकीत माझ्याच जिल्ह्याचा तक्ता पडद्यावर आला. प्रयोगसाहित्य: आहे. विज्ञानाचा निकाल: तळाला.

"साहित्य देऊन झालं," साहेब म्हणाले. "आता डोकी कुठून द्यायची? मदत बंद करा, असं अहवालात लिहा. अहो, आपण तिकडच्याच ना? काय म्हणता?"

सगळे हसले. तेच हसू. इतकी वर्षं मीही मनातून हेच धरून बसले होते, की आमचीच डोकी कमी.

मी उभी राहिले.

"मी तसं लिहिणार नाही. मायक्रोस्कोप आहे, पण कुलपात आहे. मी त्याच्या पाया पडले. माझी भाची त्याच शाळेत आहे, ती अजून पायाच पडते."

साहेबांनी पुढचा तक्ता लावला. संध्याकाळी माझा जिल्हा दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेला, आणि त्यानं साहेबांनी सांगितलं तसं लिहून दिलं.

उद्याच्या गाडीनं गावी निघाले आहे. शाळा भरलेली असताना, पोरांसमोर, त्या कपाटाची किल्ली मागणार आहे. दिली तर ठीक. नाहीतर काच फोडीन.

जबाब मी देईन.