वरून ओतलेलं औषध

माझा डावा कान लहानपणी चांगला होता. हे मुद्दाम सांगते, कारण लोक धरूनच चालतात की मी जन्मापासून अशी आहे, आणि मग तोंडाजवळ तोंड आणून ओरडतात. ओरडू नका. उजव्या बाजूला या आणि माणसासारखं बोला.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात अकोल्यात फ्ल्यूची साथ आली. आमच्या वस्तीत एकही घर सुटलं नाही. मी सात वर्षांची होते. माझा ताप चार दिवसांत उतरला, पण कान ठणकायला लागला. मग तो फुटला आणि उशीवर पू दिसू लागला.

दर गुरुवारी अमरावतीहून कान-नाक-घशाचा डॉक्टर आमच्याकडच्या दवाखान्यात यायचा. आदल्या वर्षी घशातल्या गाठींसाठी बाबांनी मला त्याच्याकडे नेलं होतं. तेव्हा त्यानं मला स्टुलावर बसवलं, कपाळावरचा आरसा डोळ्यापुढे ओढला, हनुवटी धरून घसा पाहिला, कानही पाहिले. मी त्याच्या बोटाला चावले, तरी तो हसला. तो माणूस मला आवडला होता, म्हणून पुढचं जास्त लागलं.

साथीत तो व्हरांड्यात टेबल टाकून बसला. तोंडाला फडकं, टेबलापुढे चुन्याची रेघ. पोरांनी तोंड उघडायचं नाही, रेघ ओलांडायची नाही. आरसा कुठे दिसलाच नाही. आईबापांनीच पोराचा कान उजेडाकडे धरायचा, आत पाहायचं आणि काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. त्यावर तो औषध लिहिणार. आमचे बाबा जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाचे बोजे उचलायचे. त्यांनी कानाच्या आतलं काय सांगावं? तरी बिचाऱ्यांनी बराच वेळ पाहिलं.

"पू दिसते, साहेब."

"किती?"

"लय दिसते."

डॉक्टरनं मान वर न करता लिहिलं. "पुढच्या गुरुवारी आणा. कानामागे सूज आली तर थांबू नका."

औषध द्यायची रीतही बदलली होती. एरवी कंपाउंडर आपली बाटली हातात घ्यायचा, भरायचा, डोसाची कागदी पट्टी चिकटवून परत द्यायचा. आता बाटली आपण धरायची आणि तो लांब दांड्याच्या पळीनं वरून ओतणार. जिनात वेळेवर पोचायचं म्हणून आम्ही पहाटेच येऊन रांगेत पहिले उभे होतो, त्यामुळे दुसऱ्याला कसं देतात ते बाबांनी पाहिलं नव्हतं. पळी वर गेली आणि बाबांनी हात मागे घेतला. औषध फरशीवर सांडलं.

"वरून काहून ओतता?"

"साथ हाय नं. सगळ्यांलेच असं."

"सगळ्यांले!" बाबा म्हणाले.

आदल्या वर्षीच त्यांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्म घेतला होता. लहानपणी ते गावच्या विहिरीवर ओंजळ धरून, कोणी वरून पाणी घालेल म्हणून तासन्‌तास उभे राहिले होते. नागपूरहून परत आल्यावर त्यांनी मायला सांगितलं होतं, आजपासून वरून ओतलेलं काही या घरातलं कोणी घेणार नाही. त्यांनी रिकामी बाटली रेघेवर ठेवली, मला उचललं आणि घरी आणलं.

"अवो, पोरीचा कान हाय तो. जा न परत," माय म्हणाली.

"मी भीक मागाले नाही गेलो होतो."

माय लसणाचं तेल कोमट करून कानात सोडत राहिली. फुटलेल्या कानात तेल! पण तिला सांगणारं कोण होतं? पुढचा गुरुवार तसाच गेला. कानामागे सूज आली, कान पुढे ढकलला गेला.

त्याच्या पुढच्या गुरुवारी बाबा जिनात गेल्यावर माय मला घेऊन निघाली. रांगेत आमच्यापुढे एक वकिलीणबाई मुलाला घेऊन उभ्या होत्या, हातात सोन्याच्या पाटल्या. त्यांच्या बाटलीतही वरूनच ओतलं. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, पदर सावरून त्या निघून गेल्या. मायनं माझा हात इतका आवळला की मी ओरडले.

डॉक्टरनं सूज लांबूनच पाहिली. "मागच्या गुरुवारी काय झोपला होतात? आजच्या आज अमरावतीला न्या."

अमरावतीत कानामागचं हाड कोरलं. जीव वाचला, कान गेला. मायनं मला बजावलं, वकिलीणबाईंनाही वरूनच ओतलं हे बाबांना सांगायचं नाही. मी सांगितलं नाही, पण दहा वर्षं आतल्या आत धुमसत होते. बाबा मात्र तेव्हापासून माझ्या उजव्या बाजूनंच चालायचे.

मॅट्रिकनंतर मला टेलिफोनवर नोकरी लागत होती. अमरावतीला तपासणीत डाव्या कानाशी घड्याळ धरलं आणि तिथेच संपलं. परतताना आम्ही बडनेऱ्याच्या फलाटावर अकोल्याच्या गाडीची वाट पाहत येरझारा घालत होतो. बाबा म्हणाले, "दुसरी भेटन." माझं डोकं फिरलं.

"सगळ्यांलेच वरून ओतत होते," मी म्हणाले. "वकिलाच्या पोरालेबी. मी पाह्यलं, मायनं पाह्यलं. तुमच्या रागापायी माहा कान गेला."

बाबा थांबले नाहीत. चार पावलं गेल्यावर म्हणाले, "मीबी पाह्यलं होतं. दुसऱ्या गुरुवारी एकटाच गेलो होतो. रस्त्याच्या पलीकडून पाह्यलं."

"मंग मले काहून नाही नेलं?"

ते माझ्या मागून फिरून डाव्या बाजूला आले आणि रुळांकडे पाहत बोलायला लागले. त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते. बोलून झाल्यावर ते परत उजव्या बाजूला आले. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.