सोन्याच्या नदीचा उठावाचा नकाशा

गडब गावाहून लग्न होऊन आलेल्या गिरजाबाई नवरा वारल्यावर पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात लागल्या. बोटांत कला होती. थोड्याच वर्षांत सोंड घडवायचं आणि डोळे रेखायचं काम त्यांच्याकडेच येऊ लागलं.

१९५९च्या उन्हाळ्यात मालक पुंडलिकशेठ मुंबईहून वेगळंच काम घेऊन आले. प्रदर्शनासाठी डोंगर वर आलेले, दऱ्या खोल दिसतील असा उठावाचा नकाशा हवा होता. पार उत्तरेला बर्फाच्या डोंगरांत एक नदी आहे, तिच्या वाळूतून लोक सोनं गाळतात, तो मुलूख. सोबत मोजणी खात्यातले एक तरुण साहेब आले.

"ही एक रेघ म्हणजे एक उंची," साहेबांनी समजावलं. रेघेबरहुकूम पुठ्ठे कापायचे, थरावर थर चिकटवायचे, वरून लगदा लिंपायचा. गिरजाबाईंचा हात सवयीने कडा गोल करायचा. साहेब वैतागायचे, "बाई, हा डोंगर आहे, देवाचं पोट नव्हे!"

लगदा वाळत आला आणि साहेब नवा कागद घेऊन हजर. जुना नकाशा इंग्रजांच्या वेळचा, लांबून दुर्बिणीने बघून काढलेला. नव्या मोजणीत नदी भलत्याच खिंडीतून उतरत होती. निम्मं काम हातोडीने फोडावं लागलं. गिरजाबाईंना रडूच आलं.

त्यात नव्या कागदाचा वरचा कोपरा कोरा.

"हितं काय करू?"

"काही नाही. तिथं मोजणी झालेली नाही. सपाट ठेवा."

"अवो, एवढा डोंगर मधीच कसा तुटंल? चढवते थोडा. कोनाला कळनार हाय?"

"मोजलं नाही ते दाखवायचं नाही."

शेठही साहेबांच्याच बाजूने बोलले. गिरजाबाईंनी कोपरा सपाट ठेवला.

प्रदर्शन बघायला शेठ त्यांना मुंबईला घेऊन गेले. नकाशाभोवती गर्दी होती. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "कारागीर कंटाळला वाटतं. कोपरा तसाच सोडलाय."

"मी कंटाळले नाय," गिरजाबाई पुढे झाल्या. "तिथं मोजायला कोन गेलंच नाय अजून!"

ते हसून पुढे गेले. मागून आलेल्यानेही तेच म्हटलं. मग येईल त्याला त्या सांगत सुटल्या. शेवटी शेठनी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

परतीच्या एसटीत शेठ म्हणाले, "तिथं एक पाटी लावायला पायजे होती."

"मग साहेबाला का नाय बोललात?"

गिरजाबाईंचा घसा पार बसला होता. नकाशाचं काम त्यांनी पुन्हा कधी हातात घेतलं नाही.