लाकडाला ऊन लागू नये म्हणून

बेस गिटारला चारच तारा असतात हे मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, की सहा तारांची स्वस्तात मिळते तर दोन तारा कमी असलेली महाग कशी. मी बी.ए. होऊन घरी बसलेला होतो आणि असल्या प्रश्नांचा मला फार राग यायचा. आता वाटतं, त्या सगळ्या भानगडीत शहाणपणाचा प्रश्न तेवढाच एक विचारला गेला.

आम्ही फुलं पिकवणारे माळी. अकोल्याहून पातूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं थोडं ओलिताचं शेत होतं आणि शेतातच घर. ती वर्षं कापसाची कशी गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पेपरवाले यायचे, गाड्या भरून अभ्यास करणारे यायचे, आणि आमच्या बांधावर उभे राहून पलीकडच्या कापसाच्या वावराचे फोटो काढून जायचे. फुलवाल्याला कुणी काही विचारलं नाही. कापूस बुडाला की गावोगावची लग्नं पुढं ढकलली जायची, नाहीतर एकाच मांडवात वीस-पंचवीस जोडपी उभी करून उरकली जायची. मग आमची फुलं बाजारात संध्याकाळपर्यंत पडून राहायची आणि आम्ही ती गाईपुढं टाकायचो. याला संकट म्हणायचं की नाही हे ठरवायला कुणी समिती आली नाही.

मला ही झळ दोन्ही बाजूंनी लागायची, कारण लग्नांवर माझा दुसराही डोळा होता. अमरावतीला कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात वायरी गुंडाळायला जायचो. तिथं जो बेस वाजवायचा, त्यानं मला फावल्या वेळात हात धरून शिकवलं. लोकांना गाणारी बाई दिसते, ढोलकवाला दिसतो. बेसवाला मागं उभा असतो आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. पण तो थांबला तर गाणं पायाखालून सरकतं. मला हे काम आवडलं होतं, मनापासून आवडलं होतं. उभ्या आयुष्यात मला नीट जमलेली ती एकच गोष्ट. पुढं तो बेसवाला कामाच्या शोधात सुरतेला गेला आणि आपली गिटार सोबत घेऊन गेला. ऑर्केस्ट्राच्या मालकानं मला निरोप धाडला, की स्वतःचं वाद्य घेऊन ये, जागा तुझी. मला ती जागा हवी होती. फुलांच्या बाजारात पाटी घेऊन बसण्यातून सुटायचा मला दुसरा रस्ता दिसत नव्हता.

साधी इलेक्ट्रिक बेस घ्यायची तर सोबत अॅम्प लागतो, नाहीतर तिचा आवाज आपल्या आपल्यालाच येतो. अॅम्प घेतला तरी आमच्याकडं वीज कुठं होती. भारनियमनात दिवसाचे अर्धे तास असेच जायचे, आणि वीज आली की मोटर आधी. म्हणून मी अमरावतीच्या त्या जुन्या गल्लीतल्या दुकानात जायला लागलो, जिथं ढोलक मढवतात आणि पेट्या दुरुस्त करतात. दुकानदारानं एक दिवस आतून पोकळ पोटाची बेस काढली. अकूस्टिक, पण बाजूला बटणांची पट्टी, आत चौकोनी बॅटरी आणि पिन लावायला भोक. घरी तशीच वाजवा, कार्यक्रमात पिन लावा. कुणीतरी हौसेनं घेतली होती आणि परत आणून दिली होती. त्यामुळे ती माझ्यासारख्याला झेपेल अशी होती.

झेपेल म्हणजे काय, तर त्या महिन्यात एका मंत्र्याचा दौरा लागला होता. ज्यांच्या घरी कर्त्या माणसानं औषध पिऊन जीव दिला, अशा घरांना भेटी देण्याचा दौरा. त्याच्या स्वागताला कार्यकर्त्यांनी जागोजागी मोठमोठे हार सांगितले. चार माणसांनी उचलून गळ्यात घालायचे, तसले हार. आईनं बसून बसून ते ओवले, तिची बोटं सुईनं सोलून निघाली. अख्ख्या हंगामात आम्हाला रोख आणि पुरते पैसे मिळाले ते तेवढेच. आईनं ते बाबांच्या हाती न देता माझ्या हाती दिले. माझी गिटार अशी आली. मी बरेच दिवस लोकांना सांगायचो, की शेतीच्या पैशातून घेतली. ते खोटंही नव्हतं.

दुकानदारानं ती कापडी खोळीत घालून दिली आणि निघताना म्हणाला, "लकडी है भाई. अपने इधर की धूप में फट जाती. ठंडी जगा में रखना." मी ते घरी येऊन जसंच्या तसं आईला सांगितलं. आमच्याकडं थंड जागा एकच होती, फुलांची खोली. शेणानं सारवलेली, खिडकी नसलेली, कोपऱ्यात पाण्याचा रांजण. तिथं गिटार भिंतीला टेकवून ठेवली. लगेचच अमरावतीला जाऊन मालकाला पिन लावून ऐकवलीही. स्पीकरमधून पहिला सूर निघाला तेव्हा तिथली खुर्ची थरथरली, आणि मालक म्हणाला की बरी आहे. मेच्या शेवटी परतवाड्याला एका ठेकेदाराच्या मुलीचं रिसेप्शन होतं. ज्यांच्याकडं त्या वर्षांतही पैसा होता त्यांच्यातला तो एक. त्या दिवशी नीट वाजवलं तर जागा कायमची, असं ठरलं.

मधले सगळे दिवस मी सकाळी फुलं घेऊन अकोल्याला जायचो आणि उन्हं कलल्यावर परत यायचो. संध्याकाळी फुलांच्या खोलीत आई दुसऱ्या दिवशीचा मोगरा निवडत बसायची आणि मी तिच्यासमोर वाजवायचो. एकटी बेस ऐकणं म्हणजे गाणं सोडून नुसता ठेका ऐकण्यासारखं आहे, कुणालाही कंटाळा येईल. आईला नाही आला. ती म्हणायची, हे घुमते ते छातीत लागते. गिटार हाताला गार लागायची आणि मला वाटायचं खोलीच गार आहे. आवाज पहिल्यापेक्षा दबका येतोय हे कळत होतं, पण मी दोष तारांना दिला.

रिसेप्शनच्या दिवशी अकोट-अंजनगाव करत एस.टी.नं परतवाड्याला पोचलो. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. गिटार मी मांडीवर उभी धरली होती, लहान लेकरू धरावं तशी. लॉनवर स्टेज सजलं होतं, आमचं साउंड लागत होतं. मी खोळ उघडली, तारा चढवायला घेतल्या आणि काडकन आवाज झाला. खालची लाकडी पट्टी, जिच्यात तारांची टोकं अडकवलेली असतात, ती पोटावरून उचकटून वर आली. चारही तारा सैल पडल्या. पिन लावून बघितली तर नुसती खरखर. बॅटरीचं झाकण उघडलं तर आत हिरवा गंज चढलेला.

मी गिटारच्या पोटावरच्या मोठ्या भोकात नाक घातलं आणि मला सगळं कळलं. आतून ओल्या पोत्याचा वास येत होता. तळाला मोगऱ्याची एक पाकळी काळी पडून चिकटली होती.

ज्याला उन्हापासून वाचवायचं त्याच्यावर ओलं पोतं टाकायचं, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. आमची सगळी विद्या तेवढीच. दुपारी बारा वाजता पोतं भिजवून फुलांवर टाकायचं, मध्ये एकदा पाणी शिंपडायचं, उन्हं उतरली की काढायचं. त्यानं कळी दुसऱ्या दिवसापर्यंत मिटलेली राहते. मी आईला सांगितलं होतं, की लाकूड उन्हानं फुटतं. मग तिनं रोज दुपारी काय केलं असेल हे मला त्या स्टेजवर उभ्या उभ्या दिसलं. लाकूड रोज भिजलं, रोज वाळलं, सरस सुटला. बाकीचं काम एस.टी.च्या पत्र्यानं केलं.

मालक आला, त्यानं पट्टीला बोट लावून बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, गिटार उचलून घरी जा म्हणेल. त्यानं घड्याळात बघितलं. मग तो म्हणाला, "बेस कीबोर्डवाला डाव्या हातानं मारते. तू गिटार गळ्यात घाल अन् उभा राय. पार्टीले गिटारवाला सांगितला हाये मी."

मी वायरीच्या तुकड्यानं ती पट्टी बांधली, म्हणजे लांबून तारा ताठ दिसाव्यात. चमकीचं जॅकेट घातलं. पिन कुठंच लावलेली नव्हती, तिचं टोक मी खिशात खोचलं. आणि गाणारी बाई, ढोलकवाला, ऑक्टोपॅडवाला यांच्या मागं उभा राहून मी पूर्ण कार्यक्रम मुक्या तारांवर बोटं फिरवली. खोटी नाही फिरवली, हे मला आजही सांगावंसं वाटतं. प्रत्येक सूर जिथं यायला पाहिजे तिथंच दाबला. कीबोर्डवाला दोन ठिकाणी चुकला, मी नाही चुकलो. पण ते फक्त मला माहीत होतं. समोर लोक पुरी-भाजी खात होते. ठेकेदाराचा भाऊ स्टेजवर येऊन बक्षिसाच्या नोटा वाटून गेला आणि माझ्याही खिशाला एक टाचून गेला. मला म्हणाला, क्या बजाया.

सामान आवरताना मालक खुशीत होता. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पर्मनंट झाला तू," तो म्हणाला. "आता असाच येत जाय." दुरुस्तीचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही काढला नाही. काढून उपयोग नव्हता. न वाजणारी गिटार त्याला परवडत होती. तिला अॅम्प लागत नव्हता, साउंडवाल्याचा एक चॅनेल वाचत होता. मला जी जागा हवी होती ती मिळाली, आणि तिथं माझी काही गरज नव्हती. इतका अपमान माझा कुणी शिव्या देऊनही केला नसता.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी आईला काय काय बोलायचं ते मनात घोळवत आलो. कुणी सांगितलं होतं तुला, काहून हात लावला, काही कळत नाही तर विचारायचं न. घर येईपर्यंत सगळं तयार होतं. आई फुलांच्या खोलीच्या दारात बसून पोतं पिळत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले आणि विचारलं, "वाजली?"

मी म्हटलं, वाजली.

"वाजनारच," ती म्हणाली. "मी रोज झाकत होती न. उनाचा चटका लागू नाही देला तिले." आणि माझ्या हातातून गिटार घेऊन तिनं ती भिंतीला टेकवली, जिथली होती तिथं.

त्यानंतर दोन-तीन हंगाम मी ऑर्केस्ट्रासोबत उभा राहिलो. बडनेरा, दर्यापूर, मूर्तिजापूर. कार्यक्रम कमी कमी होत गेले. घरी मी वाजवणं बंद केलं. आई एकदाच म्हणाली, की आता काहून नाही वाजवत. मी सांगितलं, की पर्मनंट माणसाला रियाज लागत नाही. ती मोगरा निवडत राहिली. दुपारी गिटारवर पोतं टाकणं तिनं त्याच दिवसापासून बंद केलं हे मी पाहिलं. का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मग पुन्हा एक दौरा लागला. मंत्री दुसरा, हार तेच. आईच्या डोळ्यांना तोवर कमी दिसायला लागलं होतं, तरी तिनं ओवले. पैसे आले त्या संध्याकाळी तिनं ते माझ्या पुढ्यात ठेवले. बाबा समोरच बसले होते, त्यांनी मान खाली घातली. म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

"नवी घे," आई म्हणाली. "या खेपी मी झाकत नाही."

ऑर्केस्ट्रा त्याआधीच्या महिन्यात बंद पडला होता. मी घरी सांगितलं नव्हतं.