वयनींचे हिरवे पत्रे

वयनी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हात बघत. मी नोकरी मागायला गेले तेव्हा सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरून उभी होते. इंग्रजीतली दोन वाक्यंही पाठ करून आले होते. त्यांनी फाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ता थंय ठेव आणि हात दाखव," म्हणाल्या. मी हात पुढे केले. बाजारात बांगडे बघावेत तसे त्यांनी ते उलटसुलट करून बघितले. "हे हात पेनाचे आसत. टरफला फोडूक बसलंस तर रडतलंस. ऑफिसात बस." झाली माझी मुलाखत. पगाराचं विचारायचं धाडस मला दुसऱ्या दिवशी झालं.

मालवणहून थोडं आत, खाडीच्या काठावर आमची वाडी आणि वाडीच्या टोकाला त्यांचा काजूचा कारखाना. कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक बॉयलर, बी फोडायची लांब शेड, तिला लागून गोदाम आणि कोपऱ्यात माझ्या टेबलापुरतं ऑफिस. काम करणाऱ्या बहुतेक सगळ्या बायका. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बी फोडणारीचे तळहात काळे पडतात, सालं निघतात. म्हणून रोज सकाळी वयनी खोबरेलाची बाटली घेऊन गेटवर उभ्या राहत. प्रत्येकीने हात पुढे करायचे, त्यांनी तेल ओतायचं, मगच आत. त्यांनी हातमोजेही आणून दिले होते, पण मोजे घालून बी नीट धरता येत नाही म्हणून बायका ते कमरेला खोचून ठेवत. कुणाच्या हाताला भेग दिसली की त्या दिवशी तिला फोडायला बसू देत नसत, निवडायला पाठवत. ती कितीही म्हणो, "वयनी, माका कायएक जावक नाय." त्यांचं उत्तर ठरलेलं. "माका शाणपणा शिकवू नको. हात तुझे आसत, पण बघूचे माका लागतत."

त्यांचं नाव कुमुदिनी. ते बँकेच्या कागदांवरच असायचं. कारखाना त्यांच्या नवऱ्याने काढला होता, त्याच्यामुळे त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या आणि आमच्या बोलण्यात वयनी. नवरा गेल्यावर मुंबईतल्या मुलाने विकून टाक म्हटलं. यांनी विकला नाही. उलट जुनी कौलं उतरवून सगळ्या कारखान्यावर नवे हिरवे पत्रे घातले, लोखंडी कैच्यांच्या सांगाड्यावर, जाड हुकांनी आवळून. बॉयलर सांभाळणारा बाबलो तेव्हा उन्हात दिवसदिवस वर बसून होता. मुलगा फोनवर विचारी, पुढे काय करणार? त्या म्हणत, "फुडचा फुडे बघूया." हे वाक्य त्यांच्या तोंडात पानासारखं घोळत असे. बी महाग झाली, फुडचा फुडे. बॉयलर बंद पडला, फुडचा फुडे. माझ्यासारख्या हिशेबी बाईला या वाक्याने कापरं भरे. पण कसं कोण जाणे, त्यांचं पुढचं खरंच पुढे निभावून जाई.

मग ते वादळ आलं. मे महिना होता, वर्षभराची बी नुकतीच गोदामात येऊन पडली होती. सकाळी बायका कामावर आल्या तेव्हा वारा होता, पण वारा आम्हाला नवा नाही. बघता बघता माड जमिनीला टेकायला लागले. बायका घरी धावायला निघाल्या. वयनी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "खंय जातात? वाटेर माड पडतत. दाराक कोणी हात लावल्यान तर हातच मोडतलंय!" हातांसाठी जीव टाकणाऱ्या बाईच्या तोंडून ही धमकी ऐकून त्या गोंधळातही एक-दोघी हसल्या. दिवसभर आम्ही आत होतो. डोक्यावरचं छप्पर गुणगुणत होतं, थरथरत होतं, पण एक हुक सुटला नाही.

बाहेर आलो तेव्हा वाडी ओळखू येईना. कौलं अंगणात, माड घरांवर, होड्या रस्त्यात. डोंगराच्या उतारावरची काजूची झाडं मुळं वर करून पडलेली. बी फोडण्यात सगळ्यांत जुनी असलेली पारूमावशी आपल्या घरासमोर उभी होती. भिंती होत्या, वर आभाळ होतं. ती रडली नाही. तिने नुसतं विचारलं, "आता चूल खंय पेटवू?"

त्या रात्रीपासून सगळ्या वाडीचा मुक्काम कारखान्यात. बाबल्याने बाहेर तीन दगड मांडून पेजेची मोठी टोपं चढवली. आमच्याकडे कामाला असलेले आणि नसलेले, सगळे एका पंगतीत. काम बंद होतं, पण वयनींनी कुणाचा पगार बंद केला नाही. सकाळी तेलाची बाटली घेऊन त्या गेटऐवजी झोपलेल्यांच्या रांगेतून फिरत, कौलं उचलून कुणाचे हात कापलेत का बघत. मला त्या दिवसांचं नवल वाटतं. एवढं सगळं मोडलेलं असताना आम्ही हसतही होतो.

पण पाऊस तोंडावर होता. आमच्याकडची जुनी घरं चिऱ्याची, सांधे मातीचे. छप्पर नसलं आणि पावसाने भिंती भिजल्या की सांधे विरघळतात आणि घर खाली बसतं. एकदा भिंत गेली की ती पुन्हा उभी करणं आमच्या कुवतीबाहेरचं. आणि पत्रे कुठेच मिळेनात. सगळ्या जिल्ह्याचीच छपरं उडालेली. कणकवलीचा दुकानदार रोज म्हणे, उद्या गाडी येते. तो उद्या काही उजाडत नव्हता. एका सकाळी वयनी अंगणात उभ्या राहून बराच वेळ वर बघत राहिल्या. मग बाबल्याला म्हणाल्या, "शिडी हाड. शेडीचे पत्रे काढूया."

बाबलो जागचा हलेना. "वयनी, ह्या माका जमाचा नाय. हे मियाच चडयलले."

"मगे तुकाच काढूक जमतला."

मी धावत गेले. म्हटलं, "वयनी, बाजूक गोदाम आसा. वर्साची बी आसा आतमध्ये. मशिनी आसत. पाऊस इलो तर काय करतलास?"

"कणकवलीसून गाडी येतली. तोपर्यंत तेंच्या भिंती वाचतल्यो."

"आणि नाय इली तर?"

"फुडचा फुडे बघूया."

मी हात टेकले. त्याच संध्याकाळी माझ्या घरावरही कारखान्याचे पत्रे चढले. आई खाली उभी राहून चढवणाऱ्यांना चहा देत होती, आणि मी कप विसळत होते.

आधी फक्त शेडचे काढायचे ठरले होते. पण खाडीपलीकडची माणसं होडीतून आली, तीही उघड्यावरच होती. त्यांच्यातलं कुणीच आमच्याकडे कामाला नव्हतं. हे मी म्हटलं तर वयनी माझ्यावर उखडल्या. "पाऊस काय हजेरी बघून पडता?" गोदामाचे पत्रेही गेले. बीच्या पोत्यांवर मिळेल ते प्लास्टिक अंथरलं. गावातले एक म्हातारे येऊन म्हणाले, "वयनी, स्मशानातल्या शेडीचे पत्रे पण उडाले. दोन-चार उरले तर..." वयनी हसून म्हणाल्या, "मेलेल्यांका घाई नसता. आधी जित्या माणसांचा बघूया."

गाडी आली नाही. पाऊस आला, आणि असा आला की प्लास्टिक पहिल्याच दिवशी फाटून खाडीत गेलं. आम्ही पोती इकडून तिकडे हलवली. ऑफिसवरचे पत्रे तेवढे उरले होते, तिथे मावतील तेवढी कोंबली, वयनींच्या घराच्या ओटीवर, माजघरात, देवापुढेसुद्धा रचली. ती मूठभरच. बाकीच्या बीला बुरशी धरली. फोडायच्या मशिनी गंजल्या, बॉयलरमध्ये चिखल साचला. वाडीत मात्र एकही भिंत पडली नाही. आम्ही सगळे कोरड्यात झोपत होतो आणि पत्र्यांवर वाजणारा पाऊस ऐकत होतो. तो आवाज ऐकताना मला कारखान्यातली प्रत्येक जागा दिसे. झोप कसली लागते.

विम्याचा माणूस आला तो भला होता. सगळीकडे फिरला, फोटो काढले आणि मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, छप्पर वादळात गेलेलं नाही. तुम्ही काढलंत. आणि माल वादळात नाही, पावसात भिजला." सरकारी पंचनामा करणाऱ्यांनीही तेच सांगितलं. परक्यांशी वयनी शुद्ध मराठीत बोलत, आणि तेव्हा त्यांचा आवाज कुणा दुसऱ्याच, बारीकशा बाईचा वाटे. "तुमचं बरोबर आहे," एवढंच त्या म्हणाल्या. माझंही बरोबरच होतं. मी आधीच सांगितलं होतं. हे बरोबर असणं मी इतकी वर्षं घेऊन फिरते आहे, आणि मला अजून कळत नाही त्याचं करायचं काय. माझ्या आईचं घर उभं आहे, मी त्यात राहते.

एकदा पारूमावशी भर पावसात डोक्यावर पत्रा घेऊन आली. "वयनी, आमी दोघाच आसव. पडवीर पत्रो नसलो तरी चलता. ह्यो घेवा, एक-एक करून सगळी जणा देतली." वयनी ओरडल्या, "आता खालती काय ऱ्हवला हा झाकूक? तो पत्रो आसा तसो घरार न्हे. नायतर माझ्या दारात येव नको!" पारूमावशी डोक्यावर पत्रा तसाच घेऊन मागे फिरली. चतुर्थीनंतर कणकवलीहून फोन आला, माल आलाय, पाठवू का? तो फोन मीच घेतला होता. वयनींनी मान हलवून नको म्हटलं.

कारखाना पुन्हा सुरू झाला नाही. ज्या झाडांची बी घ्यायची ती झाडंही आडवी झाली होती. बायका पांगल्या. कुणी बांद्यापलीकडे गोव्यात गेल्या आणि तिथेच राहिल्या, कुणी किनाऱ्यावरच्या हॉटेलांत भांडी घासायला लागल्या. वयनी मात्र सकाळी गेट उघडून बाटली घेऊन उभ्या राहत. सुरुवातीला जाता जाता बायका थांबत, हात पुढे करत, तेल घेत. मग कुणाला बस गाठायची असे. काही जणी तर पलीकडच्या वाटेने जायला लागल्या, कारण वयनींच्या डोळ्यांत बघवत नसे. एक दिवस पारूमावशी थांबली. वयनींनी तिचे हात हातात घेतले आणि बघतच राहिल्या. काळेपणा गेला होता, नवी कातडी आली होती. आयुष्यभर ज्या हातांसाठी त्या झटल्या ते हात अखेर बरे झाले होते. "बरे झाले गो तुझे हात," त्या म्हणाल्या आणि गेटच्या पायरीवर बसल्या. दुसऱ्या दिवसापासून गेट उघडलं नाही.

त्यानंतर त्या अंथरुणालाच लागल्या. डॉक्टर हृदयाचं काही सांगत. मी संध्याकाळी जाऊन बसत असे. ओटीवरच्या पोत्यांचा बुरसट वास घरात राहिला होता, तो कितीही पुसलं तरी जात नव्हता. एकदा त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "शुभा, फुडचा काय गो?" त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

पुढच्या आषाढात त्या गेल्या. मुलगा मुंबईहून येईपर्यंत पाऊस थांबेल अशी आशा होती, तो वाढतच गेला. त्यांना न्यायच्या आधी पारूमावशीने खोबरेलाची बाटली आणली आणि त्यांच्या दोन्ही तळहातांना तेल लावलं, अगदी बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मग पुरुषांच्या ध्यानात आलं की स्मशानातली शेड अजून उघडीच आहे. त्या पावसात चिता पेटणार कशी? बाबलो उठला, घरी गेला, शिडी लावली आणि स्वतःच्या घरावरचे हिरवे पत्रे काढायला लागला. त्याची बायको खाली भिजत उभी होती, रडत होती, पण नको म्हणाली नाही. त्याला बघून दुसरे उठले. वाटेने आधी वयनी गेल्या आणि त्यांच्यामागून माणसांच्या डोक्यांवरून त्यांचं छप्पर गेलं.

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. आम्ही कारखान्याच्या बंद गेटपाशी उभ्या राहिलो. पुरुषांनी चारी बाजूंनी पत्रे वर धरले, धुराने डोळे फुटायची वेळ आली तरी धरून राहिले, आणि त्याखाली वयनी जळल्या, असं बाबल्याने सांगितलं. त्याच्या तळहातांना फोड आले होते.

स्मशानात नेलेली वस्तू घरी परत आणत नाहीत. पत्रे तिथेच राहिले. पुढे कुणीतरी ते तिथल्या शेडवरच ठोकले. बाबल्याच्या घरावर अजून प्लास्टिक आहे. मी हल्ली मालवणात एका हॉटेलच्या काउंटरवर बसते. पावसाळ्यात वाडीतलं कुणी गेलं की पोचवून आलेले पुरुष अंगणात पाय धुता धुता सांगतात, वर कितीही कोसळो, स्मशानात थेंब गळत नाही. मी त्यांच्या पायांवर पाणी ओतत असते. छप्पर पक्कं होतं, हे मला त्यांनी सांगायला नको.