टाकीचं सोवळं

विचुंब्याहून मी ज्या कारखान्यात जायचे, तिथे मोठ्या यंत्रांना वीज पुरवणारे पॅनेल बनत. मी कँटीनमध्ये मागच्या बाजूला ताटं घासायला होते. कुणाशी बोलावं लागत नसे, हे एक बरं होतं, पण दिवसभर मोरीचा वास.

मग कंपनीने पर्यावरणासाठी म्हणून कँटीनमागे गॅसची टाकी बसवली. उष्टं-खरकटं आणि भाजीची सालं तिच्यात टाकायची, त्याचा गॅस आपल्याच शेगडीला. हे काम बघणाऱ्या तरुण मॅडमनी टाकी माझ्याकडे सोपवली. सकाळच्या उन्हात तिला खाऊ घालायचं, दांडा फिरवायचा. मला फार आवडायचं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा आणि शिऱ्याचा प्रसाद असे. मुख्य ऑफिसचे साहेब टाकी बघायला त्याच दिवशी येणार होते. आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी अडून बसल्या.

"लोकांच्या उष्ट्याचा गॅस, त्याच्यावर देवाचा शिरा? आमी नाय शिजवनार."

मॅडमनी परोपरीने समजावलं. मावशी म्हणाल्या, तुमी खा, देवाला कशाला? साहेबांसमोर शिरा सिलिंडरच्या गॅसवर करावा लागला असता तर टाकी बंदच झाली असती आणि मी परत मोरीवर. मॅडमचं तोंड उतरलेलं मला बघवेना.

भाजी निवडताना मी मावशींना हळूच विचारलं, दसऱ्यापर्यंत टाकीत नुसती सालं आणि तांदळाचं धुवण घातलं तर? त्यांनी मला ते दोनदा बोलायला लावलं. मग म्हणाल्या, "चालंल. पन पयली तिला आंघोळ घाल."

मी टाकी बाहेरून घासूनपुसून काढली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आत जुन्या उष्ट्याचा गॅस आहेच की, ताई. सांगू का त्यांना? मी जोरात नाही म्हणून मान हलवली. त्या तोंडावर ओढणी धरून हसत सुटल्या.

दसऱ्याच्या सकाळी गॅस कमी पडला. ज्योत अगदी बारीक, निळी. रवा भाजला जाईना. तिकडे साहेब लोक यंत्रांपुढे हात जोडून उभे. कुणीतरी सिलिंडर ओढत आणला. मावशींनी मागे वळूनसुद्धा न बघता सांगितलं, "ऱ्हाऊ दे तितंच. एवढं सोवळं पाळलंय पोरीनं." आणि कढईवर वाकून त्या रवा परतत राहिल्या.

आरती उशिरा झाली, पण इतका खमंग शिरा त्या कँटीनमध्ये कधी झाला नव्हता. मोठे साहेब टाकीपाशी उभं राहूनच दुसरी वाटी खात होते. टाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी कामावर पोचले, तर मावशींनी उष्ट्याची बादली स्वतः आणून टाकीजवळ ठेवलेली.

"घाल गो लवकर," त्या म्हणाल्या, "लय उपाशी ऱ्हायली ती."